चार मीटर ऐंशी

घरगाडी दारात येऊन चार महिने झाले होते आणि अजून ती दारातच उभी होती. पुढे स्टिअरिंग, मागे दोन पलंग, मध्ये ओटा, कोपऱ्यात कपाटाएवढं न्हाणीघर, असं चाकांवरचं अख्खं घर. वहिनी रोज सकाळी तिच्या काचा पुसत, आत बसून चहा पीत आणि खिडकीतून स्वतःचंच फाटक बघत. तेवढाच काय तो प्रवास. निघायचं कधी, असं विचारलं की घरातून उत्तर येई, "तक्ता पुरा होऊ दे."

तक्ता साहेबांचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा. शेजारीपाजारी या बाईंना वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. साहेबांची चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात गेली. तिथे टाचण्यांचा डबा घ्यायचा तरी तीन दुकानांची दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि तक्त्याखाली सही, याशिवाय पान हलत नसे. लोक पाठीमागे त्यांना तक्तेसाहेब म्हणत. निरोपसमारंभात एका वक्त्याच्या तोंडून ते नाव चुकून बाहेर पडलं, आणि साहेबांना ती पदवीच वाटली.

घरातही तीच शिस्त. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वहिनी म्हणाल्या होत्या, कुठेतरी चार दिवस जाऊन येऊ. साहेबांनी थंड हवेच्या तीन गावांना पत्रं घातली. दोन गावांची उत्तरं आठवड्यात आली. तिसऱ्या गावाचं उत्तर आलं तेव्हा मुलगी बालवाडीत जात होती. पुढे दर उन्हाळ्यात 'निवृत्त झाल्यावर बघू' हे ठरलेलं उत्तर. म्हणून निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी वहिनींनी घरगाडीचा विषय काढला, आणि साहेब दरपत्रकं आणायला गेले होते त्या दुपारी एक गाडी पसंत करून टाकली. दोन महिने नुसतं फिरायचं, जिथे बरं वाटेल तिथे थांबायचं, एवढाच त्यांचा बेत होता. या बेतात बेत कुठे आहे तेच साहेबांना कळेना.

रस्ता दाखवणारं साधन निवडायचं काम मात्र त्यांनी आपल्याकडे ठेवलं. "आपली गाडी उंच आहे, लांब आहे, जड आहे," ते म्हणाले. "चुकीच्या पुलाखाली शिरली तर छप्पर तिथे राहील आणि आपण पुढे जाऊ." यात खोटं काही नव्हतं. पर्याय अर्थातच तीन. एक फोनवरचा नकाशा. दुसरं मोठ्या गाड्यांसाठीचं खास यंत्र, ज्यात गाडीची उंची आणि वजन भरलं की गाडीला झेपतील तेवढेच रस्ते ते दाखवतं. तिसरी रस्त्यांची छापील नकाशावही. तक्त्याला सतरा रकाने होते आणि त्यातल्या एकाचं नाव 'चूक झाल्यावर वर्तणूक' असं होतं. चाचणीसाठी साहेब तिन्ही साधनं घेऊन घरापासून भाजीबाजारापर्यंत तीन वेळा चालत गेले. फोनने रस्ता दाखवला, यंत्राने दाखवला, नकाशावहीपुढे त्यांनी 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारला. वहिनींनी चौथा पर्याय सुचवला होता, की वाटेत कोणाला तरी विचारावं. पण ती तोंडी माहिती, तिच्याखाली कोणाची सही नसते, म्हणून ती पहिल्याच फेरीत बाद झाली.

शेवटी यंत्र पास झालं. आता निघायचं म्हणून वहिनींनी डबे भरायला घेतले, तेवढ्यात मुलीचा फोन आला. मुलगी दीडशे किलोमीटरवर राहायची आणि विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो पाहून तिची अशी खात्रीच झाली होती, की रस्त्यावर निघालेला प्रत्येक माणूस हा अजून दाखल न झालेला एक दावा आहे.

"दोन महिने लांबची गोष्ट, बाबा," ती म्हणाली. "आधी माझ्याकडे येऊन दाखवा. रविवारी, दुपारी एकच्या आत, आणि गाडीला एकही ओरखडा नको. नाही जमलं तर गाडी विकायची. माझ्या ऑफिसातले एकजण घ्यायला तयार आहेत."

साहेबांनी अट लिहून घेतली, परत वाचून दाखवली आणि मान्य केली. वहिनींना कोणी विचारलं नाही. खरं तर पणाला लागले होते ते त्यांचे दोन महिने, तीसहून अधिक वर्षं वाट पाहिलेले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि साहेब मात्र घोरत होते.

यंत्र बसवायला वहिनींचा धाकटा भाऊ आला. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे वायर असलेली कुठलीही वस्तू घरात आली की त्याला बोलावणं जाई. साहेबांनी शिडीवर चढून गाडीची उंची तीनदा मोजली, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि खाली सही करून ती मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्याने आकडा भरला. वर मुलीच्या फोनलाही ते यंत्र जोडून दिलं, म्हणजे गाडी कुठे आहे ते तिला घरबसल्या दिसेल.

साहेब आंघोळीला गेले तेव्हा वहिनींच्या मनात आलं, यांच्या मोजमापावर किती भरवसा ठेवायचा? याच माणसाने तीनदा मोजून आणलेलं कपाट अकरा वर्षं व्हरांड्यात उभं होतं, कारण ते दारातून आत जात नव्हतं. उंची कुठे भरायची ते त्यांनी भावाला विचारून घेतलं. तिथे साडेतीन मीटर दिसत होतं. भाऊ चहाकडे वळला तसे त्यांनी गुपचूप तीस सेंटीमीटर वाढवले. बाईमाणसाने स्वयंपाकात मूठभर जास्त टाकावं, तसंच ते होतं.

रविवारी सकाळी सातला गाडी फाटकाबाहेर पडली. वहिनींनी मागे वळून घराकडे पाहिलंही नाही. यंत्रातली बाई शांत, ठाम आवाजात बोलत होती आणि साहेब तिच्या प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होते. इतकी वर्षं आपल्या एकाही वाक्याला असा हुंकार मिळाला नाही, हे वहिनींच्या लक्षात आलं.

दहा मिनिटांत रेल्वेचा पूल आला. "पुढे उंची अपुरी. मागे वळा," बाई म्हणाली. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत त्याच पुलाखालून एक भरलेली बस निघून गेली.

"अहो, बस गेली."

"बसची जबाबदारी बसवाल्यावर. आपल्याला यंत्र काय सांगतंय ते बघायचं."

मग दुसरा पूल आला, मग एका वसाहतीची कमान, मग रस्त्यावरून आडवी गेलेली वीजवाहिनी. प्रत्येक ठिकाणी बाईंचं एकच म्हणणं, मागे वळा. नऊ वाजेपर्यंत त्यांनी आपल्याच शहराला अडीच फेऱ्या घातल्या. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने पहिल्या वेळी नुसतं पाहिलं, दुसऱ्या वेळी मान हलवली आणि तिसऱ्या वेळी हात दाखवून, काही हवंय का, असं विचारलं. साहेबांना कोणाला काही विचारायचंच नव्हतं. अखेर बाईंना एक रस्ता सापडला. तो दगडाच्या खाणीतून जात होता.

खाणीत पांढऱ्या धुळीचे लोट होते आणि ट्रकांची रांग. रांगेत शिरलेली गाडी वजनकाट्यावर चढल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही, असा तिथला नियम. साहेबांना नियम पसंत पडला. काट्यावरचा कारकून मान खाली घालूनच लिहीत होता. गाडी रिकामी की भरलेली, त्याने विचारलं. भरलेली, साहेब म्हणाले. माल काय, त्याने विचारलं. साहेब अडखळले.

"संसार," वहिनी म्हणाल्या. कारकुनाने तसंच लिहिलं आणि पावती फाडली.

तेवढ्यात मुलीचा फोन. तिला नकाशावर ठिपका दिसत होता. आई, तुम्ही खाणीत काय करताय, असं तिने विचारलं. आम्ही सुरक्षित आहोत, एवढं सांगून वहिनींनी फोन ठेवला. दहा वाजले होते आणि मागे वळून पाहिलं की घर अजून दिसत होतं.

खाणीच्या पलीकडे मोठा रस्ता लागला, तिथे एक अजस्र ट्रेलर उभा होता. त्याच्यावर पवनचक्कीचं एक पातं, एका गल्लीइतकं लांब. पुढे पिवळ्या दिव्याची जीप, मागे तशीच दुसरी, बाजूला लाल झेंडेवाले, आणि दोघांच्या हातात आडव्या तारा वर उचलायला लांब बांबू. जीपमधून त्यांचा मुकादम उतरला. या रस्त्यावर फक्त उंच माल जातो, तुम्ही इथे कसे, त्याने विचारलं. साहेबांनी तोंडाने काही न सांगता यंत्र त्याच्यापुढे धरलं.

मुकादमाने यंत्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, परत यंत्राकडे पाहिलं. "चार मीटर ऐंशी? दिसत नाही तेवढी."

"दिसण्यावर जाऊ नका," साहेब म्हणाले.

वहिनींनी वाकून यंत्रावरचा आकडा पाहिला. त्यांनी तीन ऐंशी केलं होतं. म्हणजे घाईघाईत बोट घसरलं आणि आणखी एक मीटर वाढला. आता बोलायचं तर यंत्राला हात लावल्याचं कबूल करावं लागणार. इकडे साहेबही क्षणभर चमकले होते. "मी चिठ्ठीवर तीन मीटर लिहिले होते," ते हळूच म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. "सुरक्षिततेसाठी यंत्राने आपणहून भर घातलेली दिसते. हे तक्त्यात यायला हवं होतं."

"माझं पातं चार साठला आहे," मुकादम म्हणाला. "तुम्ही आमच्यापेक्षा उंच. एकट्याने कसं सोडू तुम्हाला? चला, ट्रेलरच्या मागे लागा."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे जीप, मग पातं, मग घरगाडी, शेवटी दुसरी जीप, वेग ताशी तीस किलोमीटर. एवढा बंदोबस्त आपल्या कचेरीच्या संचालकांनाही कधी मिळाला नव्हता, असं साहेबांनी दोनदा सांगितलं. प्रत्येक तारेखाली ताफा थांबे. पात्यासाठी तार उचलून झाली की बांबूवाला तसाच उभा राही आणि घरगाडीसाठीही ती धरून ठेवी. तार आणि छत यांच्यामध्ये एक माणूस छत्री उघडून उभा राहिला असता. तिसऱ्या तारेला वहिनींना राहवलं नाही. त्यांनी काच खाली करून त्याला विचारलं, तुला एवढी जागा दिसत नाही का रे बाबा?

"दिसतंय की, काकू," तो म्हणाला. "पण लिहिलंय चार ऐंशी. तार लागली तर नाव माझं येणार." आणि त्याने बांबू आणखी वीतभर वर केला.

एक वाजला तेव्हा अर्धा रस्ता बाकी होता. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. शेतं हळूहळू मागे जात होती, माणसं काम थांबवून ताफ्याकडे बघत होती, मुलं हात हलवत होती. त्यांना रडू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली एक गोष्ट आपण स्वतःच्या बोटाने घालवली, असं त्यांना वाटत होतं. साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि गाडी लागते का, असं विचारलं.

मुलीच्या सोसायटीपाशी ताफ्याने त्यांना सोडलं तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मुकादमाने उतरून साहेबांशी हात मिळवला. सोसायटीच्या फाटकावर लोखंडी आडवी कमान होती आणि तिच्यावर 'उंची तीन मीटर' अशी पाटी. मुलगी आत उभी राहून बघत होती.

"पुढे उंची अपुरी. मागे वळा," बाई म्हणाली, आणि साहेबांनी मुकाट्याने रिव्हर्स गिअर टाकला.

"अहो, पोचलो आपण. मागे कुठे चाललात?"

"दुसरं फाटक असेल."

दुसरं फाटक नव्हतं. पहारेकऱ्याने सांगितलं, की कचऱ्याची गाडी रोज इथूनच जाते आणि ती यांच्या गाडीपेक्षा उंच आहे. साहेबांनी त्याला विचारलं, हे कुठे लिहिलेलं आहे का? दीडशे किलोमीटर आणि नऊ तास वहिनी शेजारच्या सीटवर बसून होत्या. आता त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "उतरा."

"तू चालवणार? ही?"

"वीस वर्षं लायसन्स आहे माझ्याकडे. तुमच्या कपाटाच्या दुसऱ्या खणात. उतरा."

साहेब उतरले. वहिनींनी पहिला गिअर टाकला. पहारेकरी कमानीकडे बघत होता, मुलीने तोंडावर हात धरला होता, यंत्रातली बाई मागे वळा, मागे वळा म्हणत होती. गाडी कमानीखालून वीतभर जागा ठेवून आत गेली आणि जिन्यापाशी थांबली. साहेबांनी तिच्याभोवती फिरून चारही बाजूंनी पाहिलं. ओरखडा नव्हता.

पण वेळ टळली होती. जेवणाच्या टेबलाशी मुलीने तेवढंच सांगितलं, फार प्रेमाने सांगितलं, आणि ऑफिसातल्या गृहस्थांना फोन लावायला घेतला.

"थांब जरा," वहिनी म्हणाल्या. "यांचा काही दोष नाही. उंची मी वाढवली. तीस सेंटीमीटर वाढवायची होती, बोट घसरलं असेल, वर आणखी एक मीटर गेला. गाडी विकायची असेल तर दोष माझ्या नावावर लिहून विका."

मुलीने फोन खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते. "बोट नाही घसरलं तुझं, आई. तो मीटर माझा आहे." शनिवारी तिच्याकडे छप्पर उडालेल्या एका गाडीची फाइल आली होती. ती बघून तिला धडकी भरली आणि तिने तिथूनच, फोनवरून, आपल्या आईवडिलांना मीटरभर उंच करून टाकलं होतं.

मग मामाला फोन गेला. मामाने अर्धा मीटर लगेच कबूल केला. उद्या छतावर गादी-बिदी बांधलीत तर, म्हणून त्याने तो आधीच धरून ठेवला होता. आता सगळे साहेबांकडे वळले. साहेबांनी चष्मा पुसला. गाडीच्या कागदांवर दोन मीटर ऐंशी होतं, तिन्ही मोजमापंही तीच आली होती, पण आकडा वरच्या बाजूला पूर्ण करायचा ही त्यांच्या विभागाची पद्धत होती.

मुलीने कागदावर बेरीज मांडली. गाडी दोन मीटर ऐंशीची. वरचे दोन मीटर नुसती काळजी होती, चौघांनी एकमेकांना न विचारता रचलेली. अर्ध्या दाव्याची जबाबदारी तपासणाऱ्याकडेच निघाली, असं तिच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. "जा तुम्ही दोघं," ती शेवटी म्हणाली. "माझी काही अट नाही."

वहिनींना वाटलं, जिंकलो. पण साहेबांनी खिशातून पेन काढलं. आजच्या अनुभवानंतर साधनांची फेरनिवड करणं भागच आहे, ते म्हणाले. आधी उंची तिघा त्रयस्थांकडून मोजून घ्यायची, त्यांचे अहवाल मागवायचे, मग नवा तक्ता. फार तर तीन महिने. त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला रेघा आखायला सुरुवात केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा खरा आनंद दिसला. वहिनी उठून भांडी आवरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला साहेब घरगाडीच्या न्हाणीघरात तोंडाला साबण लावून उभे होते, तेव्हा खालची जमीन हलली. कानाला फेस आणि खांद्यावर टॉवेल अशा अवस्थेत ते पुढे आले. वहिनी गाडी चालवत होत्या. सोसायटीची कमान मागे पडली होती.

"अगं, गाडी चाललीय."

"हो. बसा आणि पट्टा लावा."

"यंत्र कुठाय?"

"मुलीच्या टेबलावर ठेवलंय. त्या बाईंना म्हटलं, तुम्ही आराम करा."

साहेब बसले. त्यांनी पट्टा लावला, साबण पुसला आणि एकेक करून आठवेल ते सगळं विचारलं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. परत कधी यायचं तेही नव्हतं. एका बाजूला ऊन वर येत होतं आणि दुसऱ्या बाजूला उसाची शेतं होती. अर्ध्या तासाने एक तिठा आला. तिथे पाटी होती, पण पाटीवरचा रंग उडून गेला होता. वहिनींनी वेग कमी केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवायला लागला.

"डावीकडे की उजवीकडे?"

साहेबांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. हात नकळत खिशाकडे गेला, पण अंगात बनियन होता. ट्रकवाल्याने हॉर्नवरून हात उचलणं सोडून दिलं होतं.

"डावीकडे," ते म्हणाले.

"का हो?"

साहेबांनी विचार करून पाहिला. कारण सापडेना.

"उगाच," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच गप्प झाले. त्यांनी विचार बदलायच्या आत वहिनींनी गाडी डावीकडे घातली.